उडगी बाईंनी केलेले खून

पिक्चर काढायचं वेड मला कुठल्या वयात लागलं हे विचारू नका. माणसं गुडघ्याला तेल चोळायला लागतात त्या वयात लागलं. पोटासाठी मी विमा विकतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मी लिफ्टपाशी उभा दिसलो की लोक जिन्यानं जातात. अशा माणसानं एके दिवशी जाहीर केलं की आपण अॅक्शन थ्रिलर काढणार. नायिका मारेकरी. लहानपणी बापाचा खून, परदेशात ट्रेनिंग, परत येऊन एकेकाचा हिशेब. नाव ‘रक्तसौदामिनी’. बायकोनं ते नाव शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं. आधी गॅसचा नंबर लावा.”

त्या पिक्चरचं पुढं काय झालं हे सांगायला मी बसलेलो नाही, कारण सांगण्यासारखं काही झालंच नाही. सांगायचंय ते उडगी बाईंबद्दल. माझी मारेकरी नायिका शेवटी त्या झाल्या. तेव्हा त्यांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती.

बाई आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत पीटी शिकवण्यात सगळी नोकरी गेली. मूळ गाव अक्कलकोटकडचं, घरात कानडी, त्यामुळं मराठी बोलायच्या ती मोजकी आणि हुकमी. राग आला की कानडी सुरू व्हायचं. “साकू!” म्हणजे पुरे. एवढं म्हणाल्या की समोरच्यानं गप्प बसायचं. कडक इस्त्रीची सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. मंगळसूत्र कधी घातलं नाही आणि शिट्टी कधी काढली नाही. देवळातसुद्धा.

खो-खो हा त्यांच्या दृष्टीनं खेळ नव्हताच, जग चालवायची पद्धत होती. कुठली मुलगी पाटीत, म्हणजे खेळात बसणाऱ्यांच्या रांगेत, कितव्या जागेवर बसायची यावरून त्या माणसं ओळखायच्या. माझी बायको त्यांची विद्यार्थिनी. पाचव्या जागेवर बसायची. म्हणून आजही ती “पाच नंबर” आणि मी “पाच नंबरचा नवरा”. माझं नाव त्यांना माहीत असावं असं मला वाटायचं, पण विचारायची हिंमत कधी झाली नाही.

आमच्या पार्किंगमध्ये गाड्या लावण्यावरून रोज भांडणं व्हायची. सोसायटीच्या मीटिंगा झाल्या, पाट्या लागल्या, कुणाच्या तरी गाडीची हवाही निघाली. एका सकाळी बाई मैदान आखायच्या फक्कीचा डबा घेऊन उतरल्या आणि पार्किंगभर चौकोन मारले. एक स्कूटर पूर्वेला तोंड करून, शेजारची पश्चिमेला, पुढची परत पूर्वेला. थेट खो-खोची पाटी! पहिला आठवडा आम्हाला आपलीच गाडी बाहेर काढता येईना. मग सवय झाली आणि भांडणं बंद पडली. कुणी वाकडी लावली की वरच्या गॅलरीतून शिट्टी यायची.

मुलींना त्या एकच गोष्ट शिकवायच्या आणि ती बायकोच्या तोंडून मी लग्नापासून ऐकत आलोय. “पाठीवर हात पडला की उठायचं. मीच का, आत्ताच का, हे बसूनच इचारत बसलीस की गडी गेला.” आमच्या घरात दूध उतू जाताना, मुलाची रिक्षा खाली थांबलेली असताना आणि मी वर्तमानपत्र वाचत असताना हे वाक्य हमखास वापरलं जातं.

रिटायर झाल्यावरही बाई रोज पहाटे रिक्षानं शाळेच्या मैदानावर जायच्या आणि पोरींना फुकट शिकवायच्या. ते मैदान आता जाणार होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, तिथं दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं होतं. पोरींनी पीटी गच्चीवर करायची. बाईंनी अर्ज दिले, पालकांच्या सह्या गोळा केल्या, दोनदा अण्णांच्या घरी जाऊन आल्या. अण्णांनी दोन्ही वेळा चहा पाजला आणि “बघू की, बाई” म्हणाले. दुसऱ्यांदा परत आल्या तेव्हा बाई जिन्यातच बसल्या. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बायकोनं पाणी दिलं. बाई म्हणाल्या, “मला दुसरं काय बी नको गं. तेवढं ग्राउंड राहू दे.”

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. पण मी कलावंत. मला ‘रक्तसौदामिनी’शिवाय काही दिसत नव्हतं.

माझी खरी नायिका पुण्याहून येणार होती. एका मालिकेत तिनं दोन वेळा दार उघडलं होतं, म्हणजे अनुभव होता. ती आली मे महिन्यात. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं, सोलापूरचं ऊन अंगावर घेतलं आणि मागच्या मागं पुढच्या गाडीनं परत गेली. मी पार्किंगमध्ये, माझ्या पूर्वाभिमुख स्कूटरवर बसून फोनवर गयावया करत होतो. “मॅडम, नऊ खून आहेत हो, नऊ! असा रोल पुन्हा मिळणार नाही!” तिनं फोन ठेवला. तेवढ्यात वरनं आवाज आला.

“किती जणांना मारायचंय?”

मी वर पाहिलं. बाई गॅलरीत तुळशीला पाणी घालत होत्या.

“नऊ,” मी म्हणालो.

“सकाळी चालू केलं तर उन्हाच्या आत होतंय की. वर ये. कागद घेऊन ये.”

मला हसू आलं होतं, पण बाईंसमोर ते बाहेर पडत नाही. मी वर गेलो. त्यांनी कडक भाकरी, दही आणि शेंगाची चटणी पुढं ठेवली आणि मला स्क्रिप्ट वाचायला लावलं. मी जीव तोडून वाचलं. पार्श्वसंगीतसुद्धा तोंडानं दिलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्या सौदामिनीची आई कुटं हाय?”

“आई नाही. स्क्रिप्टमध्ये गरज नव्हती.”

“मग एवढी माणसं मारून आल्यावर तिला जेवायला कोण वाढतं?”

मी तीन वर्षं ती पटकथा घासत होतो. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी म्हणालो, ती एकटी राहते, हॉटेलात खाते. बाईंनी “च्च” केलं, माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाल्या, “करते मी. पण शेवटचा खून आमच्या ग्राउंडवर व्हायला पायजे.”

माझा शेवटचा खून बंद पडलेल्या गिरणीत होता. धूर, काचा, कबुतरं, सगळं डोक्यात तयार होतं. गिरणीच्या वॉचमनशी बोलणंही झालं होतं. तरी मी हो म्हणालो. मला वाटलं, माझ्या लेखणीत काहीतरी ताकद आहे, म्हणून एवढी कडक बाई अभिनयाला तयार झाली. घरी येऊन मी बायकोला तसं सांगितलंसुद्धा. ती कांदा चिरत होती. तिनं दुसरा कांदा घेतला.

कॅमेऱ्याला शब्बीरभाई. शहरातली निम्मी लग्नं त्यांनीच शूट केलेली. पहिला खून आम्ही आमच्याच पार्किंगमध्ये घेतला. बळी म्हणून माझा मेव्हणा. तो फोनवर बोलत पाठमोरा उभा, सौदामिनी मागून दबक्या पावलानं येते, रबरी सुरा पाठीत, खलास. अॅक्शन म्हटलं. बाई आल्या. अशा आल्या की माझ्या अंगावर काटा आला. एवढं वय, दुखरे गुडघे, पण पावलाचा आवाज नाही. मेव्हण्याच्या मागं पोचल्या, हात उचलला आणि पाठीवर थाप मारून सगळी सोसायटी दणाणेल असं ओरडल्या, “खो!”

मेव्हणा जो पळाला तो गेटबाहेर जाऊन थांबला.

मी समजावलं की बाई, मारेकरी बोलत नाही. गुपचूप मारायचं असतं. बाईंना ते पटेना. “मागनं हात लावायचा आनि बोलायचं न्हाय? फाऊल हाय ते.”

“बाई, खून आहे तो.”

“मग खुनात फाऊल चालतंय व्हय?”

मी दुसरा टेक घेतला, तिसरा घेतला. ओठ घट्ट मिटून यायच्या आणि शेवटच्या क्षणी आयुष्यभराची सवय तोंडातून बाहेर पडायची. शब्बीरभाईंनी कॅमेरा खाली ठेवला. “भाई, ये बाई मारने से पैले बता री! ऐसा कैसा मर्डर जी?” शेवटी मी निर्णय घेतला की आमची मारेकरी सांगून मारते. ही तिची शैली. आवाज नंतर काढून टाकू. दिग्दर्शकाला असे निर्णय घ्यावे लागतात. बाकीचे सात खून असेच सांगून झाले. सहाव्याला बाईंनी स्वतःविरुद्धच शिट्टी वाजवली, कारण पळताना त्यांनी दिशा बदलली होती, आणि तो माणूस खो-खोच्या नियमानुसार वाचला. त्याला पुन्हा मरायला तयार करण्यात माझी एक दुपार गेली.

राहिला नववा, म्हणजे खलनायक. त्यासाठी मी नातेपुत्याचा एक पैलवान ठरवला होता. बाई म्हणाल्या, “त्यो नको. अण्णांना घे.”

“कोणते अण्णा?”

“आमच्या संस्थेचे. त्यांना फोटो लई आवडतात.”

हे मात्र खरं होतं. शहरात असा चौक नव्हता जिथं अण्णा फ्लेक्सवरून हात जोडून उभे नव्हते. मी भीत भीत विचारायला गेलो. खलनायकाचा रोल म्हटल्यावर हाकलतील असं वाटलं होतं. त्यांनी एकच विचारलं, “क्लोजअप किती?” मैदान लगेच मिळालं. रविवारी सकाळी अण्णा स्वतःचा पांढरा सफारी आणि काळा गॉगल घेऊन हजर झाले. मी हवेत होतो. कलेपुढं राजकारण झुकलं, असं काहीतरी मी शब्बीरभाईंना म्हणालोही.

मैदानावर पोचलो आणि बघतो तर बायकाच बायका. बाईंनी सांगावा धाडला होता आणि त्यांच्या जुन्या पोरी आल्या होत्या. कुणी जुळे सोलापुरातून, कुणी पूर्व भागातून, एक तर पहाटेच्या गाडीनं कुर्डुवाडीहून. नर्स होत्या, वकील होत्या, भाकरी करून विकणाऱ्या होत्या, एक महादेवी नावाची हवालदार ड्युटी संपवून वर्दीतच आली होती. सगळ्या पदर खोचून उभ्या. त्यांच्यात माझी बायको. माझ्या पिक्चरला नाकं मुरडणारी माझी बायको!

“तू कशी इथं?” मी विचारलं.

“बाईंनी बोलावलं,” ती म्हणाली. जणू हे विचारण्यासारखंच नव्हतं.

बाईंनी मला बाजूला घेतलं. गुडघे दुखतायत, मी एवढं पळणार न्हाय, म्हणाल्या. त्यापेक्षा पोरी पळतील. खलनायकाला खांबाकडं आणतील. खांबाजवळ मी उभी असेन. मी म्हणालो की ठीक, सौदामिनीची टोळी दाखवू. त्यांनी दोन खांबांमध्ये पाटी बसवली, आठ जणी, एक आड एक तोंडं फिरवून. शिट्टी वाजली.

अण्णांना वाटलं होतं चार पावलं पळायचं आणि क्लोजअप. पण मध्यमवयीन बायकांची ती फौज उठायला लागली तसे अण्णा खरंच पळायला लागले. खो! एक बसली, दुसरी उठली. खो! तिसरी. माझी बायको पाचव्या जागेवरून अशी उठली की मी हातातला कागद विसरलो. घरात ही बाई खुर्चीतून उठताना “आई गं” म्हणते. अण्णा डावीकडं गेले, तिकडं महादेवी. उजवीकडं वळले, तिकडं नर्स. बाजूला उभ्या बायका आरडाओरडा करत होत्या. शेवटी अण्णांनी धापा टाकत खांब पकडला. गॉगल केव्हाच पडला होता. बाई सुरा घेऊन सावकाश त्यांच्याजवळ गेल्या.

मी लांब, कानाला हेडफोन लावून उभा. दोघांच्या कपड्यांना माईक लावले होते. माझ्या सबंध पिक्चरमध्ये धड चाललेली ती एकच गोष्ट. या वेळी बाई ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, “अण्णा, ग्राउंड सोडा.”

“बाई, हे स्क्रिप्टमध्ये न्हाय.”

“न्हाय.”

अण्णांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, “ह्या सगळ्या तुमच्या पोरी?”

“माझ्याच. गाळे काढले तर ह्या रोज येतील. आज जेवढ्या आल्या त्याच्या दुप्पट येतील.”

अण्णांनी पाटीतल्या बायकांवरून एकदा नजर फिरवली. मग अण्णा म्हणाले, “सोडतो. पन एक. तुमी परत ह्या ग्राउंडवर यायचं न्हाय. कधीच न्हाय. तुमी हितं आला की ह्या जमतात, आनि ह्या जमल्या की मला संस्था चालवता येत न्हाय.”

“चालंल.”

“बाई, कधीच न्हाय म्हणतोय मी.”

“चालंल म्हणलं की. तुमी सगळ्यांसमोर बोला. मी येणार न्हाय.”

आणि त्यांनी रबरी सुरा अण्णांच्या पोटात घातला. अण्णा मेले. छान मेले. मी हेडफोन फेकून टाळ्या वाजवत ओरडलो, “कट! काय इम्प्रोव्हाइज केलंय! अप्रतिम, बाई, अप्रतिम!” दोघांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. असं कुणी माझ्याकडं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, कौतुकानं भारावलेत.

पोह्यांच्या वेळी अण्णांनी माईक मागून घेतला आणि जाहीर केलं की मैदान मुलींचंच राहील, गाळे होणार नाहीत, क्रीडा हा आपला श्वास आहे. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दोन दिवसांत तसा फ्लेक्सही लागला, धावतानाच्या फोटोसकट. वर्षभरात अण्णांची स्वतःचीच खात्री पटली की मैदान त्यांनी वाचवलं. गाळे झाले नाहीत ते नाहीतच.

राहता राहिला माझा क्लायमॅक्स. घरी येऊन फिल्म बघितली. पोरी पळतायत, अण्णा पळतायत, अण्णा खांब धरतात, आणि कॅमेरा वळतो तो थेट पोह्यांच्या पातेल्यावर. नंतर रांगेनं सगळ्यांचं खाणं, ताटली, हसू, नमस्कार. मी फोनवर किंचाळलो. शब्बीरभाई शांतपणे म्हणाले, “भाई, खाना शुरू हुआ तो कॅमेरा उधरीच जाता. आदत है.” नववा खून कुणी टिपलाच नाही. माझ्याकडं त्याचा फक्त आवाज आहे.

मला खरं काय ते कळायला आणखी महिना गेला. एका पहाटे क्लायंटकडं जाताना शाळेवरून चाललो होतो. गेटबाहेर रिक्षा उभी होती आणि तिच्यात बाई बसल्या होत्या. आत पोरी खेळत होत्या.

“आत नाही गेलात, बाई?”

“न्हाय.”

“का?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “तूच ऐकलंस की रे. कानाला लावून उभा होतास न्हवं?”

मी स्कूटर बंद केली. मग बोललो ते अगदीच बिनडोक होतं. म्हणालो, बाई, अण्णांना कुठं कळणार आहे, ते तर या वेळी झोपलेले असतात. बाई म्हणाल्या, “मला कळंल की.” संपलं. आयुष्यभर पोरींना रेषेच्या आत-बाहेर शिकवलेल्या बाईशी मी वाद घालणार होतो! त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोसमोर रडलो. ती पण रडली. तिला हे आधीच कळलं होतं, सगळ्याच पोरींना कळलं होतं. न कळलेला एकटा दिग्दर्शक.

पावसाळा सरता सरता बाईंनी फ्लॅट बंद करायचं ठरवलं. अक्कलकोटला बहिणीकडं जाते म्हणाल्या. सकाळी उठून जायला जागा नसली की दिवस संपत न्हाय, असं त्या बायकोला म्हणाल्या. मला त्यांनी असलं काही सांगितलं नाही. मला फक्त म्हणाल्या, “एसटी स्टँडवर सोड. जाताना शाळेवरनं घे.”

मी स्कूटर गेटपाशी थांबवली. बाई उतरून उभ्या राहिल्या. आत पाटी बसली होती, नवीन शिक्षिका शिट्टी वाजवत होती. वॉचमननं बाईंना पाहून गेट सरकवलं. “या की बाई आत. आज कोन बी न्हाय.” बाईंनी मान हलवली. गेट मात्र उघडंच राहिलं.

तेवढ्यात खांबाच्या वळणावर एक चिमुरडी धपकन पडली. गेटपासून अगदी जवळ. गुडघा फुटला, मातीत रक्त आलं आणि ती भोकाड पसरून ओरडली, “बाई!” बाई झटक्यात पुढं झाल्या. गेटच्या लोखंडी रुळापाशी त्यांचा बूट थांबला.

“तुमी या की, बाई!” पोरगी तिथूनच ओरडली.

“मी येत न्हाय. तू ये. ऊठ.”

पोरगी रडत, लंगडत आली. बाईंनी तिला रुळाच्या अलीकडं घेतलं, वाकून पदरानं गुडघा पुसला, रुमाल बांधला आणि तिचं तोंड मैदानाकडं वळवलं. “जा. तिकडं तुझी जागा रिकामी पडलीया.”

ती पळाली. बाईंचा हात तिला ढकलताना पुढं गेला होता, तो तसाच गेटच्या आत राहिला. पोरगी आपल्या चौकोनात जाऊन बसेपर्यंत बाई बघत होत्या. मग त्यांचं लक्ष हाताकडं गेलं. त्यांनी तो मागं घेतला, पदराला पुसला आणि माझ्या मागं स्कूटरवर बसत म्हणाल्या, “चल. एसटी चुकंल.”